मदत हवी आहे: तोरण्याच्या पायवाटा काढतोय, दोन उपग्रहचित्रं जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणीही भर घालू शकेल असा खुला नकाशा) तोरणा आणि राजगड परिसरातल्या पायवाटा, पाण्याची टाकी, धनगरवाडे असं थोडंथोडं भरतोय. घरबसल्या काम म्हणजे उपग्रहचित्रावर गिरवणं. नकाशा भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमीला दोन वेगवेगळी चित्रं मिळतात. वेल्हे गावात दोन्ही छान जुळतात, रस्ता रस्त्यावर बसतो. पण सोंडेवर चढत गेलं की तीच वाट दुसऱ्या चित्रात दहा-पंधरा मीटर बाजूला दिसते. कड्याजवळ एवढा फरक म्हणजे वाट हवेतच!

कोणतं चित्र खरं धरायचं? शिवाय गवताळ उतारावर ढोरवाटा इतक्या आहेत की मुख्य वाट वरून ओळखूच येत नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, ती वापरू का?

घाटमाथा: सेंटिनेल-२ इथे उपयोगाचं नाही. त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर १० मीटर, तुमची वाट जेमतेम मीटरभर. वणवा कुठवर गेला, तळ्यात पाणी कधीपर्यंत टिकतं, हे बघायला ते उत्तम. तेही पावसाळा सोडून, कारण जून ते सप्टेंबर बहुतेक ढगच दिसतात.

लंबक: दोन्हींपैकी एकही सगळीकडे खरं नाही. उपग्रह बरेचदा तिरका बघून फोटो घेतो. तो तिरपेपणा काढायला जमिनीच्या उंचीचं मॉडेल लागतं, आणि सर्रास वापरली जाणारी मॉडेल्स साधारण ३० मीटरच्या चौकोनांची असतात. सह्याद्रीचा उभा कडा त्यात घसरगुंडीसारखा गुळगुळीत होतो. समजा उपग्रह २० अंश तिरका होता आणि मॉडेलची उंची ३० मीटरने चुकली, तर चित्र जागेवरून जवळपास ११ मीटर सरकतं. गाव सपाटीवर आहे, म्हणून तिथे जुळतं.

म्हणून सबंध चित्र एकदाच सरकवून भागत नाही. गावासाठी वेगळं, सोंडेसाठी वेगळं, माचीसाठी वेगळं सरकवा. आधार घ्या जीपीएस ट्रॅकचा, म्हणजे चालताना मोबाइलने नोंदवलेल्या वाटेचा. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. कड्याच्या पोटाला मात्र सिग्नल दगडावर आपटून येतो, तिथली रेघ नागमोडी निघते. जातानाचा आणि येतानाचा असे दोन्ही ट्रॅक घ्या, शक्य तर दुसऱ्या कुणाचेही, आणि मधून रेघ काढा.

घाटमाथा: ढोरवाटांबद्दल: चाललेली नसेल तर काढू नका. वरून ठसठशीत दिसणारी वाट कधीकधी गुरांच्या पाणवठ्यापाशी संपते. धनगरवाड्यावर विचारा, पाच मिनिटांत उलगडा होतो. काढलीत तर वाट कितपत दिसते याचा टॅग (वाटेला जोडलेली माहितीची नोंद) जरूर भरा. आणि गूगलच्या चित्रावरून गिरवू नका, परवान्यात बसत नाही, काढलेलं सगळं पुसावं लागतं.

धागाकर्ता: धन्यवाद, ११ मीटरचं गणित पटलं. दिवाळीनंतर गवत वाळलं की जाणार आहे. ट्रॅकचा बिंदू किती सेकंदांनी नोंदवू?

लंबक: दर सेकंदाला. बॅटरी खाईल, पॉवरबँक घ्या. आणि वळणावर, टाक्यापाशी मिनिटभर थांबा, तेवढे बिंदू चित्र जुळवायला पक्के मिळतात.