'लटकू देत की' : परवाच्या पोस्टला उत्तर

कृष्णाकाठ
परवा खणभाग या आयडीनं इथं जे टाकलं ते वाचून दोन दिवस डोकं तापलंय, म्हणून लांबण लावतोय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी : तमिळनाडूचे तिघं इंडोनेशियात जहाजावर १०६ किलो क्रिस्टल मेथ या अमली पदार्थासह सापडले, एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या कोर्टानं फाशी सुनावली. त्यावर आमच्या मित्राचं म्हणणं, "आपल्या वकिलातीनं यांच्यासाठी एक रुपया घालू नये. लटकू देत की. दोन लटकले की बाकीचे आपोआप सरळ येतात." खाली चाळीसेक अंगठे, त्यात आमचे दोन गुरुजीसुद्धा.

त्या तिघांची वकिली मला करायची नाही. १०६ किलो म्हणजे काय चटणीची पुडी नव्हे. पण 'सरळ येतात' हे कुठनं काढलं? सिंगापूरला १५ ग्रॅमच्या वर हेरॉइन सापडलं की फाशी. ड्रग्जच्या तस्करीला मृत्युदंड, हे उतरताना भरायच्या कार्डावर लाल अक्षरात छापलेलं असायचं. तरी माणसं सापडतातच. एप्रिल २०२२ मध्ये नागेंद्रन धर्मलिंगमला फाशी दिली. मलेशियाचा पोरगा, मांडीला ४२.७२ ग्रॅम बांधलेलं, बुद्ध्यांक ६९. पुढच्या एप्रिलात तंगराजू सुप्पय्या. त्याच्या हाताला तर गांजा लागलाही नव्हता, फोन नंबरवरनं जोडला. मांडीला ज्यानं बांधून दिलं तो कुठाय?

आणि हे आपण सांगलीकरांनी बोलावं? फेब्रुवारी २०२४ ला पुण्याचे पोलीस कुपवाडात येऊन एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर, घेऊन गेले. मार्चमध्ये मुंबईचे पोलीस इरळीत, तिथं तर कारखानाच. २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे. बागेला शेजाऱ्यानं कुठलं औषध मारलं हे आपल्याला बांधावरनं वासानं कळतं, आणि हे शिजत होतं ते कुणाला कळलं नाही. परदेशातल्या हमालाला मात्र लटकवायचं.

खणभाग
माझं नाव घेऊन धागा काढलात, मोठेपणा दिलात, आभारी आहे. आता सांगा, इरळीवाल्याला सोडा असं मी कुठं म्हणालो? त्यालाही लटकवा. हमाल, हमाल काय लावलंय? बाजार समितीतल्या हमालाला विचारा, तो पोत्यात काय आहे ते बघितल्याशिवाय पाठीवर घेत नाही.

काळा कोट
बघतो हे खरं, पण बॅगेचं अस्तर उसवून बघत नाही.
२०१९ ला मुंबईचं एक जोडपं दोह्याला गेलं होतं, आठवतंय? आत्यानं सहल भेट दिली आणि सोबत 'तंबाखू' म्हणून एक पाकीट. विमानतळावर त्यातनं चार किलो चरस निघालं. दहा-दहा वर्षं शिक्षा. बाई गरोदर, पोरगी तुरुंगातच झाली. फोनमधलं आत्याचं बोलणं रेकॉर्ड झालेलं होतं म्हणून २०२१ ला निर्दोष सुटून आले. तो कॉल रेकॉर्ड झाला नसता तर? आणि तिथं फाशीच सुनावली असती तर? २०२३ ला शारजात अडकलेल्या अभिनेत्रीच्या ट्रॉफीत तर वैरापोटी माल भरला होता.

खणभाग
वकील साहेब, तुमच्या धंद्यात सगळेच निर्दोष असतात.

काळा कोट
माझ्या धंद्यात निम्मे दोषी असतात आणि ते फी वेळेवर देतात. कायदा बघा की. आपल्या एनडीपीएसमध्येही, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, मोठ्या मालासह दुसऱ्यांदा दोषी ठरला तर सक्तीची फाशी होती. मुंबई हायकोर्टानं २०११ ला ती सक्ती काढली, २०१४ ला संसदेनं कायद्यात तशी दुरुस्ती केली. मलेशियानं २०२३ ला सक्तीची फाशी रद्द केली. हे सगळे काय चरसी आहेत?

बुधगाव नाका
मी इथं कधी लिहीत नाही. आज लिहितो.
माझा पुतण्या. आयटीआय झाला, कुपवाड एमआयडीसीत लेथवर लागला, हात चांगला होता. एकविसाव्या वर्षी एमडी. पहिल्यांदा कळलं ते आवाजावरनं. रात्री दात खात बसायचा, तो कर्रकर्र आवाज माजघरापर्यंत यायचा, माझी आई म्हणायची जंत झाले असतील. मग मोबाईल गेला. मग गाडी 'मित्राकडं' गेली ती आलीच नाही. मग आईच्या पाटल्या. आई आंधळी झालीय, तिनं हातानं चाचपून विचारलं, "माझ्या मनगटाला काय झालं रे?" झोपेत काढल्या होत्या त्यानं.
आज व्यसनमुक्ती केंद्रात तिसरी खेप. तेव्हा मला ग्रॅम आणि बुद्ध्यांक सांगू नका. आणणारा, नेणारा, बनवणारा, कुणीही असो. मला त्यांची कीव येत नाही. येणारही नाही.

कृष्णाकाठ
दादा, तुमच्यापुढं काय बोलायचं. पण पुतण्याला ज्यानं पहिली पुडी दिली तो इंडोनेशियाचा नव्हता ना?

बुधगाव नाका
नव्हता. गल्लीतलाच. आजही चौकात उभा असतो. म्हणून तर म्हणतो, तिथं निदान शिक्षा होते.

गलाईवाला विटा
हे खरं बोलला दादा. आमची अर्धी भावकी गलाईत, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, केरळपासून पंजाबपर्यंत दुकानं. सोनं घेऊन फिरणाऱ्या माणसाला एकच शिकवण असते, दुसऱ्याचं पुडकं हातात धरायचं नाही. सख्ख्या भावाचं असलं तरी काट्यावर टाकून, उघडून, मगच. ज्यानं हे पाळलं नाही त्यानं भोगावं. कार्व्याचा कारखाना धरल्यापासून मात्र कुठंही गाव विट्याचं सांगितलं की लोक आधी हसतात. आमची पिढ्यांची अब्रू गेली, त्याचं कुणाला काय नाही.

माहेर मिरज
भाऊ, दुसऱ्याचं पुडकं धरायचं नाही हे गलाईवाल्याला जमतं. मिरजेतल्या सुनेला जमतं का ते विचारा.
मी शारजात. २०१६ ला पहिल्यांदा निघाले, त्याच्या आदल्या रात्री शेजारच्या काकू पिशवी घेऊन हजर. "तुझ्या तिथंच माझा भाचा आहे गं, एवढं पोचव." मेतकूट, बारा अनारसे आणि सुतळीनं बांधलेली कागदाची पुडी. यात काय हो? "गुडघ्याचं औषध." मी त्यांच्यासमोरच सुतळी सोडली. आईनं असे डोळे वटारले की काय सांगू. आत पांढऱ्या गोळ्या, पाकीट नाही, नाव नाही, चिठ्ठी नाही. मी म्हटलं, नाही नेणार. काकूंनी दोन वर्षं हळदीकुंकवाला बोलावलं नाही.
आणि अनारसेही नेले नाहीत. खसखस यूएईत चालत नाही.

भडंगप्रेमी
काहीही! खसखस कशी चालत नाही? किराणा दुकानात मिळते.

माहेर मिरज
सांगलीच्या किराणा दुकानात मिळते. इथं नाही. सिंगापूर, सौदीतही नाही.

भडंगप्रेमी
म्हणजे आमची आजी ड्रग माफिया?

काळा कोट
खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलंच बी. नीमच-मंदसौरकडं सरकारी परवान्यावर अफू पिकवतात. आपल्या कायद्यानं बी चालतं, त्यांच्या कायद्यानं नाही. आजीला अटक होणार नाही, नातवाला होईल.

शाहूपुरी सातारा
म्हणून म्हणतो साताऱ्याचे कंदी पेढे न्यावेत. आजवर कुठल्या कस्टमवाल्यानं अडवले नाहीत, उलट दोन मागून घेतात.

भडंगप्रेमी
सातारकरांनी पेढे सोडून दुसरं काही केलंय का? अनारशाला तीळ लावा, संपला विषय.

माहेर मिरज
तीळ! लाटून बघा एकदा. खसखशीवर थापतात, ती बाजू वर ठेवून तळतात, तेव्हा जाळी पडते. तिळाचं केलं की ते वडं होतं.

खणभाग
फाशीवर चर्चा चाललीय का फराळावर?

कृष्णाकाठ
खणभाग, हाच तर मुद्दा आहे. मिरजेची पुडी न सोडता नेली असती, आणि गोळ्या भलत्याच निघाल्या असत्या, तर आज तुम्ही इथं "लटकू देत की" लिहिलं असतं. २०२३ ला कतारनं नेव्हीच्या आठ माजी लोकांना फाशी सुनावली तेव्हा तुम्हीच लिहिलं होतं, 'भारतीय माणूस परदेशात एकटा पडता कामा नये.' फेब्रुवारी २०२४ ला ते सुटले तेव्हा पेढे वाटले. शाहूपुरी, हो, कंदी.

खणभाग
नेव्हीवाल्यांची बरोबरी पुडीवाल्यांशी? शरम वाटू द्या. माझे चुलते नेव्हीत होते. तुमच्यासारख्या खुर्चीतल्या मानवतावाद्यांना कळायचं नाही ते.

कृष्णाकाठ
बरोबरी माणसांची करत नाही. वकील मिळण्याची करतोय. आणि खुर्चीत तुम्हीही बसूनच लिहिताय, रणांगणावरनं नव्हे.

गलाईवाला विटा
वकील द्यावा. तेवढं पटलं. शिक्षा काय ती होऊ दे, पण आपल्या माणसाला आपल्या भाषेत सांगणारा कुणीतरी पायजे. बाहेरच्या पोलीस ठाण्यात उभं राहिलंय त्यालाच कळतं. मी मदुराईत राहिलोय, चोरीच्या सोन्याच्या संशयावरनं, एक रात्र. तमिळ येत नव्हतं. जन्मभराची एक रात्र.

बुधगाव नाका
वकील द्या. माझी ना नाही. फक्त माझ्याकडनं वर्गणी मागू नका.

खणभाग
बरं बाबांनो, जिंकलात. वकील द्या, दुभाषा द्या, जमलं तर दोन अनारसेही द्या, बिनखसखशीचे.
जाता जाता : धाकटी बहीण पंधरा तारखेला दुबईला चाललीय. मी आत्ताच उठून तिची बॅग उघडायला लावली. आईनं शेजारच्यांचे दोन डबे घातलेत, एकावर नाव नाही. आई म्हणते, तुझा लोकांवर विश्वासच नाही. भांडण चालू आहे, उद्या लिहितो.
१०६ किलोवाल्यांबद्दल माझं मत तेच आहे.

माहेर मिरज
डबा उघडला का?