चढावरचे अनुभव: लांब पल्ल्याची डोंगराळ राईड

आज माळा आवरताना जुन्या रेनकोटच्या खिशात ब्रेवे कार्ड सापडलं. (ब्रेवे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड; वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का घ्यायचा.) २०० किमीचं. शाई पसरलीय, तरी चार शिक्के वाचता येतात. पाचवी चौकट कोरी. घरी तेव्हा "झाली राईड" एवढंच सांगितलं होतं, कार्ड कुणाला दाखवलं नाही.

मुदत साडेतेरा तास. तीन चढ, तिसरा १६८ किमीला सुरू. १५० च्या कंट्रोलवर शिक्का घेतला, बूट काढले, भिंतीला टेकले. पाचच मिनिटं म्हणून. उठले तेव्हा पंचवीस झाली होती. मग त्या शेवटच्या चढावर मी ताशी ५ ने चाललेली, आणि शेजारून एक काका सायकल हातात धरून पायी, माझ्याशी गप्पा मारत. मी सायकलवर, ते चालत, आणि वेग तोच! शेवटी मीपण उतरले. १३ तास ३८ मिनिटं झाली. आठ मिनिटांनी हुकली.

तुमचेही चढ सांगा. पुरे झालेले, अर्धे राहिलेले, सगळे चालतील.

खडी_चढण
आई गं, आठ मिनिटं! बूट काढायचे नसतात हो कंट्रोलवर. हे प्रत्येकाला एकदा शिकावंच लागतं. माझा धडा ३०० ला झाला, पण तो किस्सा रात्री लिहितो, आत्ता मीटिंगमध्ये आहे.

दातेमोजणी
पुढच्या चक्राला ३४ दाती, मागच्याला २८ होती का? त्यात पायडलच्या एका फेरीला सायकल अडीच मीटर सरकते. ताशी ५ म्हणजे मिनिटाला ८३ मीटर. म्हणजे मिनिटाला ३३ फेऱ्या. एवढ्या कमी फेऱ्यांत गुडघ्यांवर सगळा भार येतो. मागे ३४ ची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) लावा, त्याच वेगाला ४० होतील. फार नाही, पण ८ टक्क्यांच्या चढाला तेवढाही फरक कळतो.

धागाकर्ती
@दातेमोजणी, बरोब्बर ३४-२८! कसं ओळखलंत?

दातेमोजणी
उतरून चालायला लागलात त्यावरून.

मागचा_लाल_दिवा
मी कायम शेवटचा. नाव त्यावरूनच घेतलंय. सुरुवातीला मला वाटायचं, चढात गेलेली वेळ उतारात वसूल होईल. होत नाही! १० किमी चढ ताशी ८ ने, सव्वा तास. तोच १० किमी उतार ताशी ४० ने, पाव तास. २० किमीला दीड तास, म्हणजे सरासरी १३ च्या थोडी वर. आणि कट-ऑफ (राईड संपवायची मुदत) साधारण ताशी १५ च्या हिशोबाने. म्हणजे अख्ख्या चढ-उतारात एकदाही न थांबता आपण तोट्यातच. भरपाई सपाटीवर करायची. हे कळल्यापासून मी चढाला जीव काढत नाही, सपाटीला काढतो. शेवटचा अजूनही असतो, पण वेळेत.

दुपारची_सावली
माझा उताराचा आहे. चढ मस्त झाला होता, वर धुकं, हातमोजे ओले, आणि खाली १४ किमीचा उतार. जुनी रिम ब्रेकवाली सायकल. पाचव्या वळणाला पुढच्या ब्रेकमधून खर्र्र असा आवाज यायला लागला. बोटं इतकी गार की लिव्हर दाबला जातोय की नाही तेच कळेना, आणि समोरून एक ट्रक… लेक उठली, उरलेलं नंतर लिहिते.

खडी_चढण
अहो!! ट्रकपाशी सोडून कुठे चाललात??

गुडघा_सलामत
वाचतोय. अवांतर: सॅडल कोणतं वापरता सगळे? मला १२० किमीनंतर बसवत नाही, त्यामुळे चढ आला की आनंद होतो, उभं राहायला निमित्त मिळतं.

सायकलआजोबा
तुम्हा लोकांकडे ३४ दाती आहेत म्हणून ही चर्चा. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सायकल शर्यत पहिल्यांदा १८९१ मध्ये झाली, सुमारे १२०० किमी, तेव्हा चालता चालता गियर बदलायची सोयच नव्हती. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला (चालता चालता गियर बदलणाऱ्या यंत्रणेला) परवानगी मिळाली ती थेट १९३७ ला. त्याआधी घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, मागचं चाक काढायचं आणि उलटं लावायचं. एका बाजूला चढाची दाती, दुसऱ्या बाजूला सपाटीची. वर पोचलं की पुन्हा तेच. थंडीत, चिखलात. मी स्वतः मात्र ३६ ची कॅसेट लावली आहे, वयाचा मान म्हणून.

खडी_चढण
हाहाहा आजोबा.
माझा किस्सा: ३०० किमी, २० तास. रात्री दोनला चढावर दोन्ही मांड्यांत वांब आले. पाय वाकेना, सरळही होईना, क्लीट (बुटाला पायडलशी अडकवणारी पट्टी) सुटेना. उभ्या उभ्या झाडासारखा आडवा झालो. मागून आलेल्याने विचारलं, "ठीक आहात?" म्हटलं, "हो, तारे बघतोय." तोही बसला शेजारी! वीस मिनिटं बसलो, त्याच्याकडचं मीठ-साखरेचं पाणी दोघांत संपवलं. अठरा मिनिटं राखून पोचलो दोघं. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मागचा_लाल_दिवा
@गुडघा_सलामत, सॅडलचा वेगळा धागा काढा, नाहीतर इथे शंभर प्रतिसाद त्याचेच होतील.

धागाकर्ती
@मागचा_लाल_दिवा, तुमचा हिशोब कार्डाच्या मागे लिहून ठेवला. नवऱ्याने तो बघितला आणि आता कोऱ्या चौकटीबद्दल विचारतोय. सांगावं लागणार.

दुपारची_सावली
सॉरी, लेक आत्ता झोपली. ट्रक बंद पडून उभा होता हो. ड्रायव्हर खाली चटई टाकून घोरत होता. मी थांबले, त्याच्या इंजिनावर हात शेकायला गेले, तर तेही गार. पॅडमध्ये खडा अडकला होता, तो काढला आणि हळूहळू खाली आले.