मदत हवी आहे: लोकरी कपडे सात-आठ महिने ठेवायचे आहेत, कसर कशी टाळावी?

शुद्ध लोकरीचे चार स्वेटर आणि अस्तर असलेला एक लोकरी कोट पुढच्या थंडीपर्यंत ठेवायचा आहे. एका स्वेटरला गळ्याशी आणि काखेत बारीक भोकं पडली आहेत, बाकीचे वरवर ठीक दिसतात. घरी धुतले तर आटतील का? आणि डांबराच्या गोळ्या टाकल्या की पुरे का?

विणकामवेडी:
भोकं पडलेला स्वेटर आत्ताच वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. कसरीचा उडणारा पतंग लोकर खात नाही, खाते ती त्याची अळी. घाम, तेल, अन्नाचे डाग असलेली लोकर तिला जास्त मानवते, म्हणून गळा आणि काख आधी जाते. एकदाच घातलेला स्वेटरसुद्धा न धुता ठेवू नका.

पाणी 30 अंशांच्या आत असू द्या, आणि विसळायचं पाणीही तेवढंच कोमट. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि आटलेला स्वेटर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. नेहमीची पावडर नको: ती अल्कधर्मी असते, शिवाय तिच्यातली प्रथिनं तोडणारी एन्झाइम लोकरीलाच खातात. ब्लीच तर अजिबात नको. लोकरीसाठीचं लिक्विड घ्या, स्वेटर उलटा करून दहा मिनिटं भिजवा, हलके दाबा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगला की ओल्या वजनाने लांबतो.

कोट ड्रायक्लीनला द्या. अस्तर आणि खांद्यातली भर वेगवेगळी आटते, मग कोट कायमचा वाकडा दिसतो.

कपाटकर:
थंड पाण्यातल्या धुण्याने सगळी अंडी मरतीलच असं नाही. कसर लागलेला स्वेटर नीट वाळवून पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर लोकरीवर दव धरतं.

डांबराच्या गोळ्यांची वाफ कोंडली तरच उपयोग. सतत उघडणाऱ्या कपाटात त्या वाया जातात. वाफ हवेपेक्षा जड, म्हणून गोळ्या कापडात बांधून सगळ्यात वर ठेवा. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत मात्र मुळीच नको. जी6पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना गोळ्यांतल्या नॅप्थलिनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. कडुनिंबाचा पाला घाला हवा तर, पण आत शिरलेली अळी त्याने मरेल या भरवशावर राहू नका.

प्रश्नकर्ती:
व्हॅक्यूम पिशवी चालेल का? कोटही त्यातच ठेवू?

विणकामवेडी:
स्वेटरला चालेल, पण पूर्ण वाळल्यावरच. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल धरून हाताला कोरडी लागते, आणि बंद पिशवीत तीच ओल बुरशी आणते. वाळला असं वाटल्यावर आणखी एक दिवस हवेशीर जागी पसरून ठेवा. कोट दाबू नका, रुंद खांद्याच्या हँगरवर सुती कव्हरात टांगा. ड्रायक्लीनवाल्याचं प्लॅस्टिक आधी काढा.

कपाटकर:
कोट टांगण्याआधी कॉलरखाली, शिवणींत आणि खिशांत ब्रश फिरवा. अंडी तिथेच सापडतात. कपाटाच्या फटी आणि कोपरे व्हॅक्यूम क्लीनरने काढून घ्या, कारण धुतलेल्या लोकरीवर कसर तिथूनच परत चढते. दर दोन महिन्यांनी कोट बाहेर काढून उजेडात झटका. या अळीला अंधार आणि न हललेली जागा लागते.