'अपघाती', 'आकस्मिक' की 'अकस्मात'? फोचं नाटक आफ्रिकान्समध्ये बसवताना

प्रश्न असा आहे. मी केपटाउनला असतो, इथल्या एका हौशी ग्रुपमध्ये बॅकस्टेज करतो. त्यांच्या डोक्यात इटालियन नाटककार दारिओ फोचं ते अनार्किस्टच्या (कुठलीच सत्ता न मानणाऱ्याच्या) मृत्यूवरचं १९७०चं नाटक आफ्रिकान्समध्ये, म्हणजे इथल्या डचवरून आलेल्या भाषेत, बसवायचं आहे आणि गाडी नावावरच अडलीय. इटालियनमध्ये 'मोर्ते अच्चिदेन्ताले'. आफ्रिकान्समध्ये एक शब्द 'तूफालख', दुसरा 'पर ओन्खलक'. मला विचारलं की तुमच्या भाषेत काय म्हणाल, तर मी पटकन 'अपघाती' म्हणालो, पण मग वाटलं की आकस्मिकही चालेल की. फरक नक्की काय?

—

तूफालख म्हणजे योगायोगाने. बाजारात मित्र अचानक भेटला तर तो तूफालख. ओन्खलक म्हणजे अपघात, शब्दशः पाहिलं तर अ-भाग्य, म्हणजे आपल्या 'दुर्दैवी घटना'च्या जवळ जातं. नावात तूफालख घेतलं तर 'योगायोगाने आलेलं मरण' असं काहीतरी होतं आणि त्यात एक खट्याळपणा आहे, मला तो आवडला. मराठीत आकस्मिक म्हणजे नुसतं अचानक, हार्ट ॲटॅकनेही आकस्मिक निधन होतं, त्यात कोणाची चूक-बिक काही नसते. अपघाती म्हटलं की गाडी, जिना, गॅस असं काहीतरी कारण लागतं.

—

दोन्ही नको. मराठीत तयार शब्द आहे आणि तो रोज पेपरात येतो: 'पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली'. आकस्मिक नाही, अकस्मात. व्याकरणाने बघितलं तर ते क्रियाविशेषण, विशेषणाच्या जागी बसवलेलं, पण ठाण्यात असंच लिहितात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम १७४, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं १९४. ए.डी. (ॲक्सिडेंटल डेथ) दाखल झाली म्हणतात ती हीच. आता नाटकाचा विषय काय? मिलानच्या पिआत्सा फोंताना चौकातल्या बँकेत १२ डिसेंबर १९६९ला बॉम्ब फुटला, १७ माणसं गेली, आणि जुझेप्पे पिनेल्ली नावाच्या अनार्किस्ट रेल्वे कामगाराला चौकशीला आणलं, तो १५ तारखेच्या रात्री पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली आला. म्हणजे नावातला शब्द हा नाटककाराचा नाहीच, तो सरकारी कागदावरचा आहे. मग भाषांतरातही कागदावरचाच शब्द पाहिजे, डिक्शनरीतला सुंदर शब्द घेतलात तर नावातला टोमणाच जाईल.

—

+१. आणि तुमच्या ग्रुपला सांगा की आफ्रिकान्समध्ये हा कागद आधीच लिहिलेला आहे. अहमद तिमोल, वर्णभेदाविरुद्ध लढणारा शाळामास्तर, घराणं मूळचं गुजरातचं. पोलिसांच्या ताब्यात असताना २७ ऑक्टोबर १९७१ला जोहान्सबर्गच्या जॉन व्होर्स्टर स्क्वेअर ठाण्याच्या दहाव्या मजल्यावरून 'उडी मारली'. १९७२च्या चौकशीत मॅजिस्ट्रेटने आत्महत्या ठरवली. केस पुन्हा उघडली आणि २०१७ला जज मोथले यांनी निकाल दिला की त्याला ढकललं होतं. म्हणजे सगळं प्रकरण एका क्रियापदाचं: हेट खफाल (पडला), हेट खस्प्रिंग (उडी मारली), इस खस्टुअट (ढकलला गेला). मिलानचं नाटक तिथे कोणाला परकं वाटायचं कारणच नाही.

—

हे क्रियापदांचं मी आज त्यांना वाचून दाखवलं, दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग डायरेक्टर म्हणाली की नकार कुठे पडतो ते बघा. आफ्रिकान्समध्ये नकार दोनदा येतो आणि शेवटचा 'नी' वाक्याच्या टोकाला. इटालियन पोलीस म्हणणार 'नेस्सुनो', म्हणजे 'कोणीही नाही', हे आधीच, मग बाकीचं. आफ्रिकान्समध्ये 'नीमांट हेट होम खस्टुअट नी', तो शेवटचा नी म्हणजे टेबलावर शिक्का मारल्यासारखा. आपल्याकडेही 'कोणी ढकललं नाही', नाही शेवटीच. नटाला टायमिंग आयतं मिळतं, नी म्हणायच्या आधी नुसतं जरा थांबला की लाफ्टर.

—

वरच्याला जोडून. फोच्या नाटकात पोलिसांना 'दोत्तोरे' म्हणतात, ती नुसती मानाची हाक, त्याचं डॉक्टर करू नका प्लीज. आफ्रिकान्समध्ये मोठ्या माणसाला तोंडावर 'तू'ही नाही आणि 'तुम्ही'ही नाही, सरळ पदाने हाक: 'कोलोनेल (कर्नल) कॉफी घेणार का?' घरात ऊम (काका), टानी (काकू). हुबेहूब आपलं 'साहेब चहा घेणार का?'. नाटकातला वेडा जजचं सोंग घेऊन येतो तेव्हा हे सोन्यासारखं आहे, कोण कोणाला पदाने हाक मारतो आणि कोण घसरून एकदम 'येइ' म्हणजे तू वर येतो एवढ्यावरच एक प्रवेश उभा राहील.

—

अवांतर: पिनेल्ली प्रकरणात खऱ्या जजने १९७५ला काय लिहिलं माहितीय का? 'मालोरे आत्तिवो'. आत्महत्या नाही, खून नाही, त्याला 'सक्रिय भोवळ' आली. नाटक पाच वर्षं आधीचं, नाहीतर लोक म्हणाले असते फोने जरा जास्तच केलंय.

—

सक्रिय भोवळ 😂 हे कुठल्याच भाषेत भाषांतर करू नका, इटालियनच म्हणा आणि नटाला चेहरा सरळ ठेवायला सांगा.

—

एक शंका. वेडा कुठली आफ्रिकान्स बोलणार? आफ्रिकान्स ज्यांची मातृभाषा आहे त्यातले अर्ध्याहून जास्त लोक गोरे नाहीत, आणि केपटाउनच्या वस्त्यांमधली आफ्रिकान्सची बोली, काप्स, ही शाळेतल्या भाषेपेक्षा चांगलीच वेगळी. १९७६ला जोहान्सबर्गच्या सोवेटोत काळी पोरं रस्त्यावर आली ती शाळेत आफ्रिकान्स लादली म्हणून, त्यामुळे पोलीस प्रमाणभाषेत आणि वेडा काप्समध्ये हे मला तरी उघड वाटतं.

—

तेच चाललंय. फक्त अडचण ही की वेडा जजचं सोंग घेतो तेव्हा त्याला प्रमाणभाषा फाडफाड बोलावी लागणार, आणि आमचा जो नट काप्स मस्त बोलतो तो म्हणतो मी शाळेतली भाषा पोलिसांपेक्षा शुद्ध बोलून दाखवतो, तेच जास्त विनोदी आहे. पटलं सगळ्यांना. नाव अजून ठरलं नाही, पण 'तूफालख' पडलं. आता जुन्या चौकशीच्या कागदांत नेमका कुठला शब्द असायचा ते कोर्टातला एक जण बघून सांगणार आहे, तोवर पोस्टरवर नाव नाही.