विषय: नाटकाची डिस्क सगळ्यांच्या संगणकावर चालायला हवी

नमस्कार मंडळी,

नाटकाचं चित्रीकरण हाती आलं आहे. मागच्या कार्यक्रमाची डीव्हीडी टीव्हीवर छान दिसली, पण बऱ्याच जणांच्या नव्या लॅपटॉपवर उघडलीच नाही. ज्येष्ठ सभासदांना ‘आधी अमुक सॉफ्टवेअर टाका’ असं सांगायला जीव होत नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.
– कार्यवाह

ताई, नमस्कार.

दोष डिस्कचा नव्हता. टीव्हीसाठीच्या डीव्हीडीत चित्र एमपेग-२ या जुन्या साठवण-पद्धतीत असतं, आणि अशी डीव्हीडी चालवायची सोय मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ पासून मूळ संचातून काढून टाकली. म्हणून जुन्या संगणकावर चालतं आणि नव्यावर अडतं.

यंदा साधी डेटा डिस्क, म्हणजे नुसत्या फाइली ठेवलेली डिस्क करू या, आत एमपी४ फाइल. पण एमपी४ हा नुसता डबा. आत काय भरलंय ते बघायला हवं. चित्र एच.२६४ पद्धतीत, आवाज एएसी पद्धतीत, ही जोडी विंडोज ७ पासून पुढे आणि मॅकवरही काहीही न टाकता चालते. फोनवरचं चित्रीकरण मात्र बरेचदा एचईव्हीसी या नव्या पद्धतीत असतं, तेही एमपी४ म्हणूनच मिरवतं आणि ऐनवेळी दगा देतं. हँडब्रेक हे चित्रफीत बदलायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यातून एच.२६४ करून घ्या. १०-बिटचा (जास्त रंगछटांचा) पर्याय दिसेल, तो अजिबात निवडू नका.

डिस्कवर ४.७ जीबी मावतात. दोन तासांचं नाटक, आवाजासकट सेकंदाला ५ मेगाबिट धरलं तर ४.५ जीबी, म्हणजे बसतं. तरी एकच फाइल ४ जीबीच्या वर नेऊ नका, डिस्कच्या जुन्या रचनेत ती अडते. मध्यंतरापाशी दोन भाग करा, बघणाऱ्यालाही बरं. फाइलींची नावं छोटी, रोमन अक्षरांत.

डिस्क लिहिताना विंडोज विचारतं: पेन ड्राइव्हसारखी वापरायची की प्लेअरसाठी? दुसरा पर्याय घ्या. नाव प्लेअरचं असलं तरी डेटा डिस्कही त्यानेच नीट बंद होते, म्हणजे तिचं लिखाण पूर्ण होतं, आणि दुसरीकडे वाचता येते.
– ध्वनिचित्रण समिती

काका, फार मोलाची माहिती दिलीत. पण ज्यांच्याकडे फक्त टीव्हीचा डीव्हीडी प्लेअर आहे, त्यांचं काय?
– कार्यवाह

ताई, त्यांना वेगळी, नेहमीची डीव्हीडी द्यावी लागेल. जुने प्लेअर बहुधा एच.२६४ ओळखत नाहीत. ‘टीव्हीसाठी’ आणि ‘संगणकासाठी’ असं डिस्कवरच ठळक लिहा, पाकिटं अदलाबदल होतात. आणि ज्यांच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, त्यांना त्याच दोन फाइली पेन ड्राइव्हवर द्या.

एक कळकळीची विनंती. पहिली प्रत समितीतल्या कुणाच्या संगणकावर तपासू नका. आपण सगळ्यांनी व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाकून ठेवलाय, त्यावर काहीही चालतं. ज्या लॅपटॉपवर वरून काहीच टाकलेलं नाही असा एक शोधा, दोन्ही भाग शेवटपर्यंत चालवून बघा, आवाज ओठांशी जुळतोय ना तेही पाहा, मगच बाकीच्या प्रती काढा.
– ध्वनिचित्रण समिती