यू-बूट टेस्टमध्ये बूटकाउंट वाढतच नाही, बोर्ड बीगलबोन ब्लॅक

भोसरीचा_फर्मवेअरवाला
मंडळी, आमचं प्रॉडक्ट एएम३३५एक्स प्रोसेसरवर आहे, डेव्हलपमेंट त्याच प्रोसेसरच्या बीगलबोन ब्लॅक बोर्डवर चाललंय. दोन रूट पार्टिशन आहेत, नवीन इमेज (सिस्टिमची नवी आवृत्ती) नीट उठली नाही तर यू-बूटने, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरने, आपोआप जुन्यावर जायचं. बूटकाउंट म्हणजे किती वेळा बूट झालं ती मोजणी, तिची मर्यादा म्हणजे बूटलिमिट ३ ठेवलंय आणि मर्यादा ओलांडल्यावर चालणाऱ्या ऑल्टबूटकमांडमध्ये जुनं पार्टिशन टाकलंय. हाताने रिसेट बटण दाबून बघितलं तर सगळं बरोबर चालतं. आता हेच पायटेस्टमध्ये (पायथनचं टेस्ट चालवायचं टूल) बसवतोय, यू-बूटच्या सोर्ससोबत टेस्टचं जे पायथन येतं तेच वापरून. रिसेटच्या हुकमध्ये, म्हणजे टेस्टला बोर्ड रिसेट करायचा असला की चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, यूएसबी रिले आहे, पॉवर तोडतो आणि परत देतो. आणि आता कितीही वेळा फिरवलं तरी बूटकाउंट १ च. वर मॅनेजरचं म्हणणं की बोर्ड कशाला लागतोय, सगळं सँडबॉक्सवर (पीसीवरच चालणारा यू-बूट) टेस्ट करा. खरंच भागतं का तेवढ्यावर?

रिले_मास्तर
तुझा रिलेच काउंट पुसतोय. एएम३३५एक्स मध्ये बूटकाउंट आरटीसीच्या (चिपमधल्या घड्याळाच्या) स्क्रॅच रजिस्टरमध्ये ठेवतात, आणि बीगलबोन ब्लॅकवर आरटीसीला बॅटरी नाही, म्हणजे पॉवर गेली की रजिस्टर साफ, यू-बूटला त्यात आपला मॅजिक नंबर (ओळखीची खूण) दिसत नाही आणि मोजणी परत शून्यापासून. बटणाने होतो तो वॉर्म रिसेट, म्हणजे पॉवर न तोडता, त्यात रजिस्टर टिकतं, म्हणून हाताने चालत होतं. टेस्टमध्ये रन कमांड या फंक्शनला रिसेट दे आणि वेट फॉर रीबूट ट्रू कर, रिलेला हात लावू नको. आणि एक बघ, कोडमध्ये तुलना "मोठा असेल तर" अशी आहे, "मोठा किंवा तेवढाच" अशी नाही, म्हणजे लिमिट ३ असेल तर तिसरं बूट नेहमीसारखंच होणार, चौथ्याला ऑल्टबूटकमांडची पाळी.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे रे. फील्डमध्ये लाइट जाते ना? नवीन इमेज अडकली की माणूस काय करतो, प्लग काढून परत लावतो. मग तुमचा रोलबॅक कधीच होणार नाही. रिलेवाली टेस्ट फेल होतेय ते चांगलंच आहे, ती काढू नका, काउंट एन्व्हायर्नमेंटमध्ये (यू-बूटची सेव्ह होणारी व्हेरिएबल) ठेवा. फक्त एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवलं की अपग्रेड अव्हेलेबल हे व्हेरिएबल १ असेल तरच तो सेव्ह होतो, हे मुद्दाम तसं केलंय, नाहीतर प्रत्येक बूटला फ्लॅशवर लिहिणं आलं.

सँडबॉक्सप्रेमी
मॅनेजर अर्धा बरोबर आहे. सँडबॉक्स म्हणजे यू-बूट लिनक्सवर साध्या प्रोसेससारखा चालतो, बोर्ड नको, केबल नको, सीआयमध्ये (आपोआप टेस्ट चालवणारी सिस्टिम) प्रत्येक कमिटला मारता येतं. कमांड पार्सर, एन्व्हायर्नमेंट, फाइलसिस्टिम, एफआयटी इमेजची (कर्नल वगैरे एकत्र बांधलेली फाइल) सही तपासणं, ड्रायव्हर मॉडेलच्या युनिट टेस्ट, हे सगळं तिथेच करा. तुमचं स्क्रिप्टचं लॉजिक, म्हणजे कुठल्या पार्टिशनवरून उचलायचं वगैरे, तेही तिथे बसतं. पण डीडीआर मेमरीचं इनिट, एसपीएल (यू-बूटचा आधी चालणारा छोटा भाग) ऑनचिप रॅममध्ये मावतो का, रिसेटनंतर कुठलं रजिस्टर टिकतं, हे सँडबॉक्सला काय कळणार? तुझा हा बग तिथे जन्मात सापडला नसता. मॅनेजरला हेच उदाहरण दाखव 😀

भोसरीचा_फर्मवेअरवाला
धन्यवाद दोघांना. वॉर्म रिसेटने काउंट ४ दिसला. मग म्हटलं शिपिंगवाली (ग्राहकाला जाणारी) कॉन्फिगच टाकून बघू, तर यू-बूटच्या प्रॉम्प्टच्या आधीच टेस्टचा टाइमआउट. आणि काउंट ४ झाल्यावर लॉगमध्ये बूटलिमिट ओलांडल्याची वॉर्निंग येते पण ऑल्टबूटकमांड काही चालत नाही?

रिले_मास्तर
टाइमआउटचं आधी. शिपिंगच्या कॉन्फिगमध्ये बूटडिले (बूटआधी किती थांबायचं ते सेटिंग) -२ असणार, त्यात ऑटोबूट थांबवताच येत नाही, मग टेस्टला प्रॉम्प्ट कुठून मिळणार. तसं नसेल तर बिल्ड डिरेक्टरी तपास. टेस्ट प्रॉम्प्टचा मजकूर त्या डिरेक्टरीतल्या डॉट कॉन्फिगमधून उचलते, बोर्डवर एक बिल्ड आणि पाथ दुसऱ्याचा असेल तर बोर्ड बिचारा प्रॉम्प्ट दाखवून बसलेला असतो आणि टेस्ट भलत्याच अक्षरांची वाट बघते.

ऑल्टबूटकमांडचं सोपं आहे, वॉर्निंग काउंटडाउनच्या आधी छापली जाते आणि काउंटडाउन दिसला की टेस्ट स्वतःच स्पेस दाबून ऑटोबूट थांबवते. म्हणजे ती तुम्हाला पुढे जाऊच देत नाही, बूटलोडरची टेस्ट आहे ना. रोलबॅक खरंच झाला का हे बघायला वेगळी टेस्ट लागेल जी बोर्डला लिनक्सपर्यंत जाऊ देते, लॉगिन करते आणि कर्नल कमांड लाइनमध्ये रूट कुठलं आहे ते वाचते. लॅबग्रिड बघ त्यासाठी, पायटेस्टबरोबरच चालतं, पॉवर, सिरीयल, यू-बूट आणि शेल यांचे ड्रायव्हर त्यात तयार आहेत.

सँडबॉक्सप्रेमी
अजून एक, इंटरनेटवरच्या जुन्या टेस्ट कॉपी करत असशील तर फिक्स्चर (टेस्टला बोर्डशी बोलायला मिळणारं ऑब्जेक्ट) सापडत नाही असा एरर येईल. २०२५ मध्ये त्याचं यू बूट कन्सोल हे नाव बदलून यूबीमॅन केलंय.

तारांचा_गुंता
मध्येच बोलतो. सिरीयल केबल काढून बोर्ड बाजूला ठेवला आणि तो प्रॉम्प्टवरच अडकलेला सापडला तर घाबरू नका, आरएक्स (सिरीयलचा डेटा घेणारी) पिन मोकळी लोंबकळत असली की नॉइजमुळे यू-बूटला वाटतं कोणीतरी की दाबली. एखादं ठरावीक अक्षर टाइप केल्याशिवाय ऑटोबूट थांबणार नाही असा ऑप्शन आहे, तो लावा. पण लावलात तर टेस्टलाही तेच अक्षर पाठवायला शिकवावं लागेल, नुसत्या स्पेसने मग भागत नाही.