मदत हवी आहे: फ्लॅटच्या मेलना उत्तरं येत नाहीत (वाकडमधलं एजंट ऑफिस)

घरशोध:

नमस्कार. मी आणि माझी मावसबहीण वाकडला रिसेल आणि भाड्याच्या फ्लॅट्सचं ऑफिस चालवतो. दोघींची महारेराकडे (राज्याचं बांधकाम प्रकल्पांचं नियामक प्राधिकरण) एजंट म्हणून नोंदणी आहे. नव्या प्रकल्पांचं काम थोडं असतं, मुख्य भर वाकड, पिंपळे सौदागर आणि बालेवाडीतल्या रिसेलवर.

पोर्टलवरच्या लीड्स (चौकशी करणाऱ्यांचे संपर्क) महाग पडतात, आणि तीच लीड आणखी चार एजंटांकडेही गेलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लॅटचे इतके फोटो फिरतात की आपला मेसेज तासाभरात खाली जातो. म्हणून ईमेलकडे वळलो. आमचे बरेच ग्राहक हिंजवडीत नोकरीला आहेत, काही फ्लॅटमालक परदेशात असतात. ही मंडळी मेल वाचतात आणि कामाचा असेल तर जपून ठेवतात, हा अनुभव आहे.

सध्याची पद्धत अशी: सगळी यादी एकत्र, काही हजार पत्ते. ऑफिसात येऊन गेलेले, पोर्टलवरून आलेले, जुने भाडेकरू, मालक. दर शुक्रवारी एका बल्क मेलच्या टूलमधून ‘या आठवड्यातले फ्लॅट्स’ असा मेल जातो. त्यात फ्लायरची एक मोठी इमेज आणि खाली फोन नंबर. पाठवणारा पत्ता आमच्या ऑफिसचा नेहमीचा जीमेल.

टूल सांगतं की बऱ्याच जणांनी मेल उघडला, पण फोन येत नाहीत, उत्तरं येत नाहीत. काही ओळखीच्या ग्राहकांना विचारलं तर मेल स्पॅममध्ये सापडला.

यादीतली कितीतरी माणसं आमच्यासमोर बसून स्वतःचं बजेट, आईवडिलांचं आजारपण, मुलांची शाळा, सगळं बोललेली आहेत. त्यांना आमचा मेल उपद्रव वाटू नये, ही माझी खरी तळमळ आहे. नेमकं काय बदलू? तांत्रिक बाजू आणि मजकूर, दोन्हींबद्दल सांगा.

सातबारा:

ताई, आधी एक तपासा. तुमचाच मेल तुमच्या दुसऱ्या जीमेल खात्यावर पाठवा. तो लॅपटॉपवर उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’ आहे, ते दाबा. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतील. मेल खरंच त्या डोमेनकडून (पत्त्यात ‘@’नंतर येणारं नाव) आलाय का, याच्या या तपासण्या. प्रत्येकीपुढे पास आहे की फेल, ते इथे लिहा. मग बोलू.

घरशोध:

पाहिलं. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क फेल. पहिले दोन पास असताना तिसरं फेल कसं?

सातबारा:

तुमच्या अडचणीचं मोठं कारण इथेच आहे. मेल प्रत्यक्षात पाठवला टूलच्या सर्व्हरने, त्यामुळे एसपीएफ आणि डीकेआयएम टूलच्या डोमेनसाठी पास झाले. पण ‘फ्रॉम’मध्ये नाव जीमेलचं. डीमार्क हेच बघतं, की तपासणीत पास झालेलं डोमेन आणि वाचणाऱ्याला दिसणारं डोमेन एकच आहे का. तुमच्या बाबतीत ते वेगळं आहे. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जीमेलच्या नावाने आलेला मेल गूगलला संशयास्पद वाटतो, आणि तो स्पॅममध्ये पडण्याची शक्यता खूप वाढते.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही लागतात, शिवाय जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढून घेण्याची सोय लागते. तुमचा आकडा त्याच्या खाली असेल, तरी सगळं करूनच ठेवा. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात, शक्यतो ०.१ च्याही खाली. म्हणजे हजार जणांपैकी तिघांनी ‘स्पॅम’ दाबलं की तुम्ही धोक्याच्या रेषेवर. मेल नको असलेल्या माणसाला बाहेर पडायचा रस्ता सापडला नाही, तर तो तेच बटण दाबतो. म्हणून ‘यादीतून नाव काढा’ ही लिंक बारीक अक्षरांत लपवू नका.

आता काय करायचं: ऑफिसच्या नावाचं स्वतःचं डोमेन घ्या. टूलच्या सेटिंगमध्ये ते डोमेन जोडलं की टूल तुम्हाला काही डीएनएस नोंदी देईल (डोमेनच्या वतीने मेल कोण पाठवू शकतो हे सांगणाऱ्या ओळी). डोमेन जिथून घेतलं तिथे त्या चिकटवायच्या. डीमार्कचं धोरण सुरुवातीला ‘नन’ ठेवा (म्हणजे फेल झालेल्या मेलवर कारवाई नको), सगळं सुरळीत चाललंय हे दिसलं की कडक करा. नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी पूर्ण यादीला मेल पाठवू नका. ज्यांच्याशी अलीकडे बोलणं झालंय त्यांच्यापासून सुरू करून हळूहळू वाढवा.

टूल ‘उघडला’ म्हणतं त्यावरही फार विसंबू नका. सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये ज्यांनी गोपनीयतेची सोय चालू ठेवली आहे, त्यांच्या मेलमधली चित्रं अ‍ॅपलचे सर्व्हर आधीच उतरवून घेतात. माणसाने मेल पाहिलाच नाही, तरी टूलकडे तो उघडल्याची नोंद होते. हिंजवडीच्या ग्राहकांत आयफोनवाले भरपूर असणार. तुम्ही उत्तरं मोजा, फोन मोजा, साइट व्हिजिट मोजा.

आणि ती एका मोठ्या इमेजची पद्धत सोडा. चित्रं बंद असतील तर वाचणाऱ्याला कोरा मेल दिसतो. साधा मजकूर लिहा, फोटो एक-दोन पुरेत. मजकुराचा कोड फार जड झाला, साधारण १०२ केबीच्या वर गेला, की जीमेल मेल मधेच तोडतं आणि तुमची ‘नाव काढा’ची लिंक नेमकी त्या तुटलेल्या भागात जाते.

दस्तनोंदणी:

तांत्रिक भाग वर नीट आलाय. मी खराडी-वडगावशेरी भागात याच धंद्यात आहे, त्यामुळे मजकुराबद्दल लिहितो.

माझं ठाम मत आहे की ‘या आठवड्यातले फ्लॅट्स’ हा मेल कुणासाठीच नसतो. ५५ लाखांत २ बीएचके शोधणाऱ्याला दीड कोटीचा ३ बीएचके दाखवून काय उपयोग? आणि मालकाला दुसऱ्यांचे फ्लॅट कशाला? यादीचे आधी तीन भाग करा: विकत घेणारे, भाड्याने घेणारे, मालक. मग घेणाऱ्यांचे भाग आणि बजेट. एक्सेलमध्ये दोन कॉलम वाढवले की झालं. कंटाळवाणं काम आहे, पण फरक पडतो तो इथेच.

घेणाऱ्याला फ्लॅटच्या फोटोंपेक्षा हिशेब हवा असतो. मी पाठवलेल्या मेलपैकी सगळ्यात जास्त उत्तरं आली ती ‘८० लाखांच्या रिसेल फ्लॅटला हाताशी किती पैसे हवेत?’ या विषयाच्या मेलला. त्यात फ्लॅट एकही नव्हता. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. झाले ५ लाख ९० हजार. या रकमेच्या घरावर बँक साधारण ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्या हिशेबात धरत नाही. म्हणजे स्वतःचे १६ लाख अधिक हे ५ लाख ९० हजार, एकूण २१ लाख ९० हजार, वर दलाली आणि घरातली कामं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, इथे ८० हजार वाचतात. करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या दराने येणारी किंमत) कमी असेल तर शुल्क रेडी रेकनरवर लागतं, हेही एका ओळीत लिहिलं. खूप जणांना १६ लाखांचा अंदाज असतो, पुढचे सहा लाख टोकन दिल्यावर कळतात आणि मग घरात तणाव. ते आधी सांगणाऱ्या एजंटला माणूस फोन करतो.

५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावाने भरायचा आयकर) कापून भरायचा असतो, तो किमतीतूनच जातो, वेगळा नाही. मात्र विकणारा परदेशस्थ असेल तर हे गणित लागू होत नाही, तिथे सीएचा सल्ला घ्या असं स्पष्ट लिहा. तुमच्याकडे परदेशातले मालक आहेत, त्यांच्यासाठी तर हा स्वतंत्र मेलचा विषय आहे.

भाड्याच्या यादीला दर आठवड्याला मेल नकोच. ११ महिन्यांचा करार असतो, तुमच्याकडे तारीख असते. नववा महिना संपताना मालकाला एक मेल आणि भाडेकरूला एक: करार वाढवायचाय का, भाडं किती, नवा करार नोंदवायला दोघांची कोणती कागदपत्रं लागतील. हा मेल त्रास वाटत नाही, कारण तो त्यांच्याच कामाचा आहे. आमच्या ऑफिसात याच मेलमधून भाडेकरू पुढे खरेदीदार झालेत.

विषयाच्या ओळीत भाग, आकार, किंमत आणि ताबा लिहा. ‘वाकड, दत्त मंदिर रोड: २ बीएचके, ८० लाखांच्या आत, ताबा लगेच’. स्वप्नातलं घर वगैरे शब्द टाळा. आणि आत तेच लिहा जे ग्राहक साइटवर विचारतो: कार्पेट (घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) किती, मेंटेनन्स किती, कव्हर्ड पार्किंग नावावर आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, उन्हाळ्यात टँकर किती लागतात. पाण्याचं खरं उत्तर मेलमध्ये देणारा एजंट आपल्या भागात मला तरी क्वचित दिसतो. ते तुम्ही द्या.

मुळाकाठ:

एक कायदेशीर मुद्दा. रेरा कायद्यात जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमातली प्रसिद्धी अशी व्यापक आहे, मेलही त्यात येतो. नव्या प्रकल्पाचा मेल पाठवाल तेव्हा प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि क्यूआर कोड हवा. क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे. तुमचा एजंट नोंदणी क्रमांक तर प्रत्येक मेलच्या तळाशी कायमचा टाकून ठेवा, वाचणाऱ्याचा विश्वासही वाढतो.

दुसरं, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा संमती हाच आहे: माणसाने माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरायची, आणि संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. भाडेकरारासाठी घेतलेला पत्ता जाहिरातीला वापरण्याआधी विचारा.

घरशोध:

सगळ्यांचे मनापासून आभार. डोमेन घेतलं, नोंदी टाकल्या, चाचणीत आता तिन्ही पास येतंय.

एक प्रश्न राहतो. यादीतले दोन-तीन वर्षांपूर्वीचे पत्ते सोडवत नाहीत. त्यांना एकदाच ‘आमचे मेल हवेत का?’ असं विचारू का?

सातबारा:

नव्या डोमेनवरून तरी नको. विसरलेल्या माणसाला अचानक मेल गेला की तो स्पॅम दाबतो, आणि तुमच्या डोमेनचा लौकिक अजून तयार व्हायचाय. वर्षभरातले ठेवा, बाकीचे बाजूला.

दस्तनोंदणी:

मी थोडा वेगळा विचार करतो. ज्यांच्याशी समोरासमोर बोलणं झालंय ते पत्ते टाकून देऊ नका. पण मेल न करता फोन करा. ‘तेव्हा तुम्ही बालेवाडीत बघत होतात, घेतलं का घर?’ एवढंच विचारायचं. घेतलं असेल तर अभिनंदन करा, अजून शोधत असतील तर मेल पाठवू का ते विचारा. दिवसाला थोडे-थोडे फोन होतात. नुसते पोर्टलचे जुने पत्ते मात्र सातबारा म्हणतात तसे सोडाच.

घरशोध:

हे पटलं, समोर बसून गेलेल्यांना आम्ही दोघी मिळून फोन करू. वाकडमध्ये ७५ ते ८५ लाखांत शोधणाऱ्यांसाठी पहिल्या मेलचा मसुदा लिहिलाय, बघाल का?

‘नमस्कार. तुम्ही वाकडमध्ये २ बीएचके बघत होतात. दत्त मंदिर रोडला एक रिसेल फ्लॅट आलाय: सेलेबल १,०५० चौरस फूट, सातवा मजला, मागणी ८० लाख. सोसायटीला भोगवटा प्रमाणपत्र आहे, एक कव्हर्ड पार्किंग आहे. एप्रिल-मेमध्ये सोसायटी रोज टँकर मागवते, त्याचा खर्च मेंटेनन्समध्येच धरलेला आहे. या किमतीला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून साधारण ५ लाख ९० हजार लागतील आणि बँक ते कर्जात धरत नाही. आम्ही शनिवारी-रविवारी फ्लॅट दाखवू शकतो. मेल नको असतील तर खालची लिंक दाबा, लगेच नाव काढू.’

दस्तनोंदणी:

उत्तम. टँकरची ओळ अजिबात काढू नका. सेलेबलमध्ये जिना-लॉबीचा वाटाही धरलेला असतो, त्याच्या जागी कार्पेट लिहा, लोक त्यावरच तुलना करतात. मेंटेनन्सचा महिन्याचा आकडा टाका, टँकरचा उल्लेख केलाय तर पुढचा प्रश्न तोच असणार. आणि ‘शनिवारी-रविवारी दाखवू शकतो’ याऐवजी विचारा: ‘शनिवारी सकाळी ११ की रविवारी संध्याकाळी ५, कधी जमेल?’ त्याला एका शब्दात उत्तर देता येतं.

सातबारा:

आणि पाठवण्याआधी टूलमधला ‘रिप्लाय टू’ पत्ता तपासा. काही टूल्स तिथे स्वतःचाच पत्ता घालून ठेवतात. तिथे तुम्ही दोघी रोज उघडता ती मेलपेटी हवी, आणि पाठवणाऱ्याच्या नावात ऑफिसबरोबर तुमचंही नाव येऊ द्या.